यीस्टच्या पानात काय वाढायचं?

मळीच्या टाकीत तळाला गाळ बसतो. कुणी बसवत नाही, आपोआप बसतो, आणि वेळेवर उपसला नाही तर एक दिवस पाइप तुंबतो. आमच्या डिस्टिलरीतल्या किश्श्यांचं तसंच झालंय. चार मैत्रिणी जमल्या की त्या सासूबद्दल बोलतात, मी यीस्टबद्दल बोलते. आणि खरं सांगू, ऐकणाऱ्यांना यीस्टच जास्त आवडतं! तर आज थोडा उपसा करूनच टाकते.

मी आष्ट्याची. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवर एक साखर कारखाना आहे, त्याला जोडलेली डिस्टिलरी आहे, आणि तिथल्या फर्मेंटेशन सेक्शनची मी इन्चार्ज. हुद्दा भारदस्त वाटतो ना? काम सांगते. उसाची मळी पाण्यानं पातळ करून मोठमोठ्या टाक्यांत भरायची, त्यात यीस्ट सोडायचं, आणि ते साखरेचं अल्कोहोल करेपर्यंत त्याचे लाड करायचे. मळीत साखर भरपूर असते, पण यीस्टच्या कामाचा नायट्रोजन फार थोडा. नायट्रोजन नसला तर यीस्ट वाढत नाही. म्हणून वरून युरिया द्यायचा, डीएपी द्यायचं, तीच शेतातली खतं. कमी पडलं तर रुसतं, जास्त झालं तर नुसतं अंगानं वाढतं आणि काम करत नाही. कारखान्याच्या इतर खात्यांत असं काही होत नाही, असं माझं म्हणणं नाही.

सेक्शनमध्ये माझ्यासोबत सुभेदार. हे आडनाव नव्हे, खरोखरचे सुभेदार. फौजेतून रिटायर होऊन आमच्याकडे फर्मेंटर ऑपरेटर झालेले. नव्या यीस्टला ते ‘रंगरूट’ म्हणतात आणि युरियाला ‘राशन’. आमच्या दोघांच्या वर मॅनेजर माने साहेब. साहेब मूळचे मेकॅनिकलचे. ज्या वस्तूला पाना लागत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नाही. यीस्टला पाना लागत नाही.

*

मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात संचालक मंडळाची पाहणी होती. साहेबांनी सगळ्या खात्यांवर नव्या पाट्या रंगवून घेतल्या. आमच्या पेंटरनं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. आमच्या दारावर झोकात पाटी आली: ‘ईस्ट विभाग’.

पाहणीला तात्या आले. तात्या म्हणजे आमचे ज्येष्ठ संचालक. त्यांना वास्तुशास्त्राची भारी आवड. बंगल्याचा जिना त्यांनी इतक्या वेळा फिरवलाय की पाहुणे आता खालीच बसतात. तात्या पाटीसमोर थांबले, वर सूर्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं आणि गंभीर झाले.

“हे ईस्ट?”

“हो,” मी म्हटलं.

“मग वेस्ट कुठंय?”

मी तोंड उघडायच्या आत सुभेदार टाचा जुळवून पुढं झाले. “वेस्ट तिकडं मागं, साहेब! पाइपलाइननं जातं, लगूनला!”

तात्यांनी हात लांब करून पाटीपासून मागच्या सांडपाण्याच्या लगूनपर्यंत हवेत एक रेघ ओढली आणि मान डोलावली. “दिशा बरोबर हाय. फकस्त वेस्टला वास लय येतो.”

पाहणीच्या अहवालात आमच्या सेक्शनला ‘उत्तम’ शेरा मिळाला. पाटी अजून तीच आहे.

*

यानंतर माझ्या लग्नाचा किस्सा. म्हणजे न जमलेल्या लग्नाचा.

विट्याचं स्थळ आलं. मुलाचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. पाहुणे यायच्या आधी आईनं मला स्वयंपाकघरात घेऊन बजावलं, “कारखान्यात लॅबमध्ये आहे, एवढंच सांगायचं. दारूचं नाव काढायचं नाही.”

“अगं, ते इथेनॉल आहे. पेट्रोलमध्ये घालतात.”

“त्यांना विचारू देत, मग पेट्रोल म्हण.”

मुलाचे काका मोठे चौकस. पोह्यांचा पहिला घास पोटात जायच्या आत त्यांनी विचारलं, “लॅबमदी म्हंजे नक्की काय करतासा?”

“यीस्टला नायट्रोजन देते.”

“कुनाला?”

“यीस्टला. बारीक जीव असतो. त्याला वेळच्या वेळी खायला घालायचं. तापला तर गार करायचा, फेस आला तर बसवायचा.”

“आन् त्यो काय करतो?”

खोटं बोलायची सवय नाही, काय करणार! “साखर खातो आणि अल्कोहोल तयार करतो.”

आई कुणी न मागताच पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आली. काकांनी डिश खाली ठेवली. “म्हंजे खायाला घालायचं, तापला तर गार करायचं, हे सगळं तुमी बगायचं. आन् त्यानं दारूचं बगायचं?”

तोवर कोपऱ्यात डोक्यावरून पदर घेऊन गप्प बसलेल्या काकू एकदम म्हणाल्या, “मग त्याला येवढं शिकाया कशाला लागतंय? लगीन झाल्यापास्नं मी दुसरं काय करतीया?”

लग्न जमलं नाही. पण काकूंचा फोन अजून येतो. यीस्ट बरं आहे का, असं आवर्जून विचारतात.

*

यीस्ट खाण्याच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ असतं. समोर डीएपी आणि युरिया दोन्ही ठेवलं, तर डीएपीतला अमोनिया ते आधी उचलतं, कारण तो सोपा. तो आहे तोवर युरियाकडं ढुंकून बघत नाही. नुसतं बघत नाही असं नाही, युरिया आत घ्यायची दारंच बंद ठेवतं! अमोनिया संपला, उपाशी राहायची वेळ आली, की मग दारं उघडतात आणि युरिया गोड लागायला लागतो.

हे मी सुभेदारांना समजावून सांगितलं तेव्हा ते खरोखर दुखावले गेले.

“मॅडम, ही शिस्त न्हाई. फौजेत पुढ्यात येईल ते खायचं. एकदा बर्फात आमी तीन टायमाला डबाबंद चणंच खाल्लं. कुनी चूं केलं न्हाई. आन् ह्यांस्नी युरिया नगं?”

“नको असतो असं नाही सुभेदार, उशिरा खातं.”

“तुमी लाड करताय. म्हनून माजलंय.”

त्या दिवसापासून डीएपी ओतताना ते टाकीकडं असं बघायचे की मला वाटायचं, आता हे यीस्टला मैदानाला चक्कर मारायला लावतात.

मग महिला दिनाचा कार्यक्रम झाला आणि त्याला सुभेदारांच्या मिसेस आल्या. हसतमुख बाई. मी सहज म्हटलं, “सुभेदार घरी पण एवढे कडक असतात का? पानात पडेल ते खातात?”

बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. “कोन, ह्ये? आवं मॅडम, मटनाच्या दिवशी मी दुसरी भाजीच करत न्हाई. केली तर तशीच ऱ्हाती. आन् दोडका ज्या दिवशी करायचा, त्या दिवशी घरात अंडं बी ठेवत न्हाई, अंड्याचा वास बी येऊ देत न्हाई! दुपार टळूस्तवर थांबते. मग खात्यात मुकाट्यानं.”

मागं सुभेदार उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आले, टाकीत वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाले, “खावा रं, खावा. सावकाश खावा.”

*

आता पुन्हा तात्या. तात्यांची स्वतःची तालीम आहे, पोरं कुस्तीत नाव काढतात. एका मीटिंगमध्ये माने साहेबांनी यीस्टला नायट्रोजन लागतो असा विषय काढला. तात्यांनी शेजारी विचारलं, नायट्रोजन कशात असतो? कुणीतरी सांगितलं, प्रोटीनमध्ये. संपलं! तात्यांचे डोळे चमकले. खुराकाचा विषय म्हणजे त्यांच्या घरचा.

“युरिया काय घालताय त्याला? युरिया उसाला घालतात. जित्या जिवाला खुराक पायजे!”

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या शेतावरून सोयाबीनचं पीठ आलं. ट्रॉली भरून.

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, “सर, यीस्टला प्रोटीन फोडता येत नाही. त्याला नायट्रोजन सुटा लागतो. हे पीठ त्याच्या दृष्टीनं भिंतीच्या विटा आहेत. आणि फेस येईल तो वेगळाच.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, टेक्निकली तुमचं बरोबर आहे. पण पीठ तात्यांचं आहे.”

पीठ टाकीत गेलं.

दुपारपर्यंत काही झालं नाही. मग टाकीच्या तोंडातून फेस डोकावला. आधी लाजत, मग धीट होऊन. सुभेदार फेस मारायचं तेल घेऊन धावले. फेसानं तेल पोटात घेतलं आणि वाढतच राहिला. टाकीच्या अंगावरून खाली आला, जिना उतरला, रस्ता ओलांडला आणि पार्किंगमध्ये शिरला. तिथं नेमकी तात्यांची पांढरी गाडी उभी. खुराकाचा परिणाम बघायला ते खास आले होते. बघता बघता गाडी चाकांपासून आरशापर्यंत तांबूस फेसात बुडाली. वास तर असा की विचारू नका.

साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला. मी मनातल्या मनात राजीनाम्याचं इंग्रजी जुळवत होते. तात्या गाडीजवळ गेले, बॉनेटवरचा ओंजळभर फेस उचलला, बोटांत चोळून बघितला आणि आमच्याकडं वळून अभिमानानं म्हणाले,

“बगा! अंगाला लागलं का न्हाई?”

*

माने साहेबांच्या मेव्हण्यानं पाचगणीत स्ट्रॉबेरीची वाइन काढायला घेतली होती. पुण्यामुंबईचे टुरिस्ट येतात, जॅम तर सगळेच विकतात, आपण वाइन विकू, असा हिशेब. एके दिवशी साहेबांनी मला आणि सुभेदारांना जीपमध्ये घातलं. “एक टेक्निकल व्हिजिट आहे,” म्हणाले. व्हिजिट कुणाकडं, हे घाट चढून झाल्यावर सांगितलं.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि सुभेदारांनी रुमाल नाकाला लावला. सडक्या अंड्यांचा घमघमाट! आणि शेडची अवस्था अशी की जणू खजिना शोधलाय. फरशा उखडलेल्या, पाइप उघडे, बाथरूमचं भांडं दारात ठेवलेलं.

मेव्हणे रडकुंडीला आले होते. “सगळं ड्रेनेज नवं केलं हो! दोनदा! तरी वास जात नाही. हा शेजारच्या हॉटेलवाल्याचा सेप्टिक टँक आहे. मी नगरपालिकेत तक्रार दिलीय. आमचं बोलणं बंद आहे. कालच तो माझ्याकडं बघून थुंकला.”

मी गेले सरळ वाइनच्या ड्रमकडं, झाकण उघडलं आणि मेव्हण्यांना जवळ बोलावलं. त्यांनी नाक खुपसलं आणि तसेच मागे पडले. सुभेदारांनी धरलं म्हणून वाचले.

प्रकार साधा होता. फळाच्या रसात नायट्रोजन थोडा. यीस्ट उपाशी पडलं की ते गंधकाचा वास सोडायला लागतं. भूक लागल्यावर माणसं आरडाओरडा करतात, यीस्ट वास सोडतं. वाइन अजून कच्ची होती, अल्कोहोल फार चढलं नव्हतं, म्हणजे यीस्ट अजून खाण्याच्या मनःस्थितीत होतं. मी थोडं डीएपी घालून घेतलं, हवा खेळवायला सांगितलं आणि आम्ही परत आलो.

दोन दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मेव्हण्यांचा फोन स्पीकरवर होता. आवाज नवरदेवासारखा.

“मॅडम, वास गेला! एकदम गेला!”

“छान. शेजाऱ्यांची माफी मागितली का?”

“मागायलाच निघालो होतो हो. पण त्याच्या आधी तेच आले. पेढे घेऊन! म्हणाले, तुमच्या तक्रारीमुळं का होईना, परवा टँक साफ करून घेतला आणि बघा, वास गेला. माझंच चुकत होतं, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.”

“मग तुम्ही काय केलं?”

“मी काय करणार? मोठ्या मनानं माफ केलं.”

*

गेल्या हंगामात मात्र आमच्यावरच बेतलं.

अल्कोहोलचा उतारा थोडा घसरला होता. मळीच निकृष्ट आली होती, पण मळीला मेमो देता येत नाही. मंडळात विषय निघाला की फर्मेंटेशन सेक्शन बाहेरच्या कंपनीला चालवायला द्यावं. पुण्याहून कन्सल्टंट आले. टाय, लॅपटॉप, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी “राइट?” त्यांच्या कंपनीचं एक केशरी रंगाचं औषध होतं, ‘नायट्रो बूस्टर’. त्यांच्या स्लाइडवर यीस्टला दंड काढले होते आणि गॉगल घातला होता. तात्यांना स्लाइड फार आवडली.

कंपनी आली की मी सांडपाण्याच्या लॅबमध्ये जाणार आणि सुभेदार गेटवर. सुभेदार त्या दिवशी डबा न उघडताच बसून राहिले. म्हणाले, “मॅडम, हुकूम म्हंजे हुकूम. गेटवर उभं ऱ्हाईन. पन आत्ता कुठं ह्यांच्या आवडीनिवडी कळाया लागल्या हुत्या.” त्या माणसाला रुसलेल्या टाकीशेजारी जेवण सोडून बसलेलं मी बघितलं होतं.

शेवटी ठरलं, ट्रायल घ्यायची. एक टाकी त्यांची, एक आमची. मळी तीच, यीस्ट तेच.

आम्ही आमच्या पद्धतीनं सुरुवातीलाच, बेतानं, थोडं थोडं दिलं. कन्सल्टंटनी बूस्टरची पिंपं ओतली. त्यांची टाकी अशी उसळली म्हणता! बुडबुडे, वाफ, घरघर. गार पाणी पूर्ण उघडलं तरी ती तापतच होती. संचालक मंडळ बघायला लोटलं. तिकडं जत्रा भरली होती आणि आमची टाकी तालुक्याच्या कचेरीसारखी शांत. माने साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, निदान थोडा आवाज तरी करायला सांगा.”

वर, त्यांची टाकी शांत व्हायला लागल्यावर कन्सल्टंटनी शेवटचा ‘टॉप-अप डोस’ दिला. मी म्हटलं, आता अल्कोहोल चढलंय, आता यीस्ट ते घेणार नाही. ते हसले. “मॅडम, थोडं आउट ऑफ द बॉक्स विचार करा, राइट?”

टॉप-अप डोसला यीस्ट शिवलंच नाही. तो जसाच्या तसा टाकीतून निघाला, डिस्टिलेशन पार करून सांडपाण्यात गेला आणि तिथला केमिस्ट डोळे चोळत आमच्या दारात आला. “तुमचं काहीतरी माझ्याकडं आलंय. अमोनियानं उभं राहवंना झालंय.”

निकाल लागला. कन्सल्टंटच्या टाकीत यीस्ट आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि अल्कोहोल आमच्यापेक्षा कमी! साखर सगळी अंग कमावण्यात गेली होती. माने साहेबांनी आकडे दोनदा वाचले, मग चष्मा बदलून वाचले. “सर, अल्कोहोल कमी कसं?”

कन्सल्टंटनी लॅपटॉप मिटला आणि शांतपणे म्हणाले, “अल्कोहोल कमी आहे, मान्य. पण यीस्ट किती आनंदी आहे ते बघा!”

*

आता तुम्हाला वाटेल की एवढं झाल्यावर विषय संपला. तुम्ही आमचं संचालक मंडळ बघितलेलं नाही. माने साहेबांनी वर रिपोर्ट दिला, ‘दोन्ही टाक्यांचे निकाल आशादायक’. निर्णय चेअरमन नानांवर गेला आणि मला मीटिंगला बोलावणं आलं.

नाना फार बोलत नाहीत. मोठं टेबल, त्याच्या टोकाला नाना, डोळे मिटलेले. झोपलेत की ऐकतायत हे कुणी आजवर विचारलेलं नाही. कारखान्याची निवडणूक जवळ आली होती, त्यामुळं नाना जास्तच मिटलेले. कन्सल्टंटनी आधी गॉगलवाली स्लाइड दाखवली. मग माझी पाळी. दाराच्या काचेतून सुभेदार दिसत होते. परेडला निघाल्यासारखे कडक इस्त्रीत.

मी स्लाइड-बिइड काही केलं नव्हतं. सरळ सांगायला लागले. “नाना, यीस्टला सोपं आणि चांगलं असेल ते आधी लागतं. ते समोर असलं की दुसऱ्याकडं बघत नाही. संपलं की मग मिळेल ते घेतं. आणि सगळा खेळ वेळेचा आहे. सुरुवातीला दिलं तर अंगी लागतं, त्याच्या जोरावर ते शेवटपर्यंत काम करतं.”

नानांनी एक डोळा उघडला. “आन् शेवटाला दिलं तर?”

“शेवटी काही उपयोग नाही, नाना.”

“का?”

“तोवर अल्कोहोल चढलेलं असतं. मग कितीही वाढा, घेत नाही. वाया जातं.”

नानांनी दुसराही डोळा उघडला. सगळे संचालक सावरून बसले. तात्या चहाचा कप तोंडाशी धरून तसेच थांबले.

“कितीबी वाढलं तरी?”

“कितीही.”

“आन् एकदम लय दिलं तर?”

“नुसतं माजतं. आवाज फार करतं, काम करत नाही.”

“म्हंजे आदीपास्नं. थोडं थोडं.”

“हो, नाना.”

नाना खुर्चीत सरळ झाले. मग कन्सल्टंटकडं वळून म्हणाले, “तुमी या आता. चहा घेऊन जावा.” माने साहेबांना म्हणाले, “पोरीला हिथंच ऱ्हाऊ द्या. फौजीलाबी.” आणि उठून गेले. एवढीच मीटिंग.

बाहेर आल्यावर सुभेदारांनी मला कडक सॅल्यूट ठोकला. मी रडले की हसले, आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टाकीवर उभे होतो. खालच्या रस्त्यानं कारखान्याची रिक्षा निघाली होती, वर भोंगा बांधलेला. आवाज लांबूनच यायला लागला:

“सर्व सभासद बंधू-भगिनींना कळवण्यात येते की, माननीय नानांच्या आदेशानुसार, सभासदांची सवलतीची साखर यंदा मतदानाच्या आदल्या आठवड्यात एकदम न देता, आजपासूनच, दर आठवड्याला, थोडी थोडी देण्यात येईल!”